उंबरजाईवर तापणारं इंजन

वरची उंबरवाडी,
४ सप्टेंबर २००१

सावळेराम पावण्यांना भिमाजीचा रामराम.

पत्र बघून दचकू नको. समदी खुशाल हायती. तुझी बहीण चिमा खुशाल, उज्ज्वला बारावीला गेली, म्हस व्याली, रेडी झाली. दुखणं हाय ते लाँचीला.

तू नऊ वर्षांत हिकडं फिरकला न्हाईस, म्हणून पयल्यापासनं लिवतो. धरणाच्या ह्या काठाला आमी तीन वाड्या वर सरकून बसलो. तिघींनी मिळून दोन वर्षांमागं एक लाँच घेतली. जुनीच हाय, पण बूड घट्ट. तिच्यात दोन सिलिंडरचं डिझेल इंजन, आणि चालवायचं काम माझ्याकडं. एस्टी, दवाखाना, पोरांचं कॉलेज समदं पल्याड, डिंभ्याच्या काठाला. लाँच नसली तर डोंगरानं वळसा घालून जायचं, त्यात पाऊण दिवस मोडतो.

तर श्रावणापासनं इंजन तापाया लागलंय. कुठंबी न्हाई, बरूबर आपल्या बुडालेल्या उंबरवाडीवर आलं की काटा लाल रेघेत. वाफ निघती, बाया वरडाया लागत्यात. मी इंजन बंद करतो. दहा मिनटं तसंच डुलत बसायचं. परत चालू केलं की गार! जसं काय झालंच न्हाई. मागच्या महिन्यात जरा उशीर झाला बंद कराया, तर इंजनाचं वरचं झाकण, हेड, वाकलं आणि त्याखालचं गॅस्केट गेलं. मिस्त्रीनं हेड घासून दिलं आणि म्हणला, "बाबा, पुन्यांदा एवढं तापू दिलंस तर ह्ये इंजन भंगारात." वाड्यांची बैठक झाली. दिवाळीपत्तुर बघायचं, न्हाई जमलं तर इंजन काढून टाकायचं आणि लाँच काठावर वढायची, असं ठरलं. माझं शेत पाण्याखाली, आता हातातनं पाणीबी जायचं.

तू आळेफाट्याला ट्रकची इंजनं दिवसभर उलटीपालटी करतोस. एकदा येऊन बघ की राव. भाऊबीज हाय म्होरं, त्या निमतानं ये.

पत्र उज्ज्वलाकडनं लिवून घेतोय ते चिमाला सांगितलं न्हाई. तुझं नाव काढलं की ती चुलीकडं तोंड फिरवती.

तुझा,
भिमाजी


आळेफाटा,
९ सप्टेंबर २००१

ती. दाजींना सावळेरामचा नमस्कार.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. पण मला यायला जमणार नाही. गॅरेजमध्ये तीन ट्रक खोलून पडलेत, कांद्याचा माल भरायचा म्हणून ड्रायव्हर डोक्यावर बसलेत. एस्टीचंही तिकडं काही खरं नसतं.

इलाज मात्र सांगतो. गाडी एका ठरावीक ठिकाणी तापते याचा अर्थ पाणी कमी पडतं. रेडिएटर बघा. झाकणाचं रबर गेलं असेल तर पाणी उडून जातं. रेडिएटरच्या पुढं कचरा अडकला असेल तर ब्रशनं झाडा. आणि दाजी, हात जोडून सांगतो, इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. आमच्याकडं एकाचं तोंड भाजलं, अजून बायको ओळख देत नाही.

आक्का तोंड फिरवते ते मला ठाऊक आहे. तिचं बरोबर आहे. तिला काही म्हणू नका.

आपला,
सावळेराम


वरची उंबरवाडी,
१७ सप्टेंबर २००१

मोठ्या मिस्त्रींना रामराम.

तुझं पत्र उज्ज्वलाकडनं दोनदा वाचून घेतलं, कारण पयल्यांदा मला वाटलं, पोरगी माझी चेष्टा करती. रेडिएटर? अरं बाबा, लाँचीला रेडिएटर नसतो! अख्खं धरण हाच आमचा रेडिएटर. एवढा मोठा मिस्त्री तू, तुझ्या भाचीनं ओढणी तोंडात कोंबून हसावं असं लिवलंस.

ऐक आता. लाँचीच्या बुडाला एक भोक हाय. तिथनं पाईप धरणाचं पाणी वर वढतो. मग एक पंप त्ये पाणी इंजनाच्या अंगाभवती फिरवतो, आणि कढत झालेलं पाणी मागनं पिचकारीसारखं भाईर पडतं. सुटली पिचकारी की समजायचं इंजन गार हाय. उंबरवाडीवर आलं की ही पिचकारी मरती. मग काटा चढतो.

बुडाच्या भोकाला जाळी हाय. इंजन बंद करून, पाण्यात उतरून मी सोता हात फिरवून बघतो. दर वेळेला बघतो. जाळी साफ. माशाचं पिल्लूसुदीक न्हाई. मग इंजन चालू केलं की पिचकारी परत सुरू.

तुला यायला जमत न्हाई म्हणतोस. ट्रक काय नऊ वर्षं खोलूनच पडल्यात का? बरं, ऱ्हाऊ दे. तुला काय दुखतंय त्ये मला कळत न्हाई असं न्हाई.

भिमाजी


आळेफाटा,
२३ सप्टेंबर २००१

ती. दाजींना नमस्कार.

चुकलो. कान पकडतो. माझ्या आयुष्यात मी पाण्यावरचं इंजिन पाहिलेलं नाही, रस्त्यावरचीच पाहिली. उज्ज्वलाला म्हणावं, मामाला हसायचं तेवढं हसून घे, पण लाँच सुरू झाली की पेढे पाठव.

आता नीट विचार केला. मासेमारीच्या बोटींवर काम केलेला एक जण परवा हॉटेलात चहाला भेटला, त्यालाही विचारलं. तुमच्या पंपात रबराचा एक छोटा पंखा असतो. त्याची पाती मोडली किंवा वाकून बसली की पाणी ओढत नाही. नवीन पंखा मिळवलाय, एस्टीच्या ड्रायव्हरकडं बिस्किटाच्या पुड्यात घालून पाठवतोय. बसवताना ग्रीस अजिबात लावू नका, ग्रीसनं रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा आणि जुन्याची पाती ज्या बाजूला कललेली असतील त्याच बाजूला नव्याची कलवून बसवा.

दुसरं, इंजिनावर पाणी बाहेर पडतं तिथं एक पितळी थर्मोस्टॅट असेल, वाटीएवढा. पाणी तापलं की तो आपोआप उघडतो. तो काढून पातेल्यात पाणी उकळून त्यात टाका. उघडला नाही तर तोच चोर.

तिसरं, कुठल्या कुठल्या वारी तापतं ते लिहून ठेवा. इंजिन बोलत नाही, पण वेळ पाळतं.

मला काय दुखतंय ते तुम्ही काढू नका, दाजी. आपण इंजिनाचं बोलू.

सावळेराम


वरची उंबरवाडी,
१२ ऑक्टोबर २००१

सावळेरामला आशीर्वाद.

बिस्किटाचा पुडा पोचला. चिमानं तो आधी उघडला, पावण्याकडनं खाऊ आला म्हणून, आणि आतनं काळं रबर निघालं. कुणी पाठवलं म्हणून इचारलं. मी म्हणलं, आळेफाट्याच्या गॅरेजातनं. पुड्याचा कागद तिनं घडी घालून फळीवर ठिवलाय. वर तुझं अक्षर हाय.

जुना पंखा काढला. चांगलाच निघाला. एकबी पात मोडलेलं न्हाई. तरीबी तू धाडलास म्हणून नवा बसवला, साबण लावून.

मग टमोस्टॅट. त्यो मी चिमाच्या भाताच्या पातेल्यात उकळला. बरूबर उघडला, चोर न्हाई निघाला. पण चिमानं डिझेलचा वास लागलेलं पातेलं माझ्या अंगावर फेकलं आणि दोन दिस मला भात वाढला न्हाई. ह्येचं पाप तुझ्या माथी.

पंखा बसवल्यावर चार दिस लाँच सोन्यावाणी चालली. मी म्हणलं, जितलो. पाचव्या दिशी मंगळवार. उंबरवाडीवर आलो, पिचकारी मेली.

वार तू लिवाया सांगितलंस म्हणून फळीवर कोळशानं रेघा मारल्या. समदे मंगळवार. मंगळवार सोडून एकबी न्हाई. आता वाडीतल्या बाया म्हणत्यात, देवीचा वार हाय, बुडालेली उंबरजाईच लाँच अडवती. धरणात गेलेलं देऊळ बरूबर त्या ठिकाणी खाली हाय, त्ये तुला सांगाया नको, तुमचं घर देवळाच्या अंगालाच व्हतं. तवा आता जाता येता बाया फुलं, नारळ, वटी समदं दुप्पट सोडत्यात पाण्यात. मी चिमाला इचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणती, "अडवत असंल तर कुणाची तरी वाट बघत असंल."

दिवाळी महिन्यावर आली. माझा धीर सुटाया लागला, सावळ्या.

भिमाजी


आळेफाटा,
१७ ऑक्टोबर २००१, घटस्थापना

ती. दाजींना नमस्कार.

मंगळवार वाचला आणि मी गॅरेजमधल्या समोरच्या बाकावर बसून विचार करत राहिलो. देवीला इंजिनातलं काही कळत असेल असं मला वाटत नाही. मंगळवारी बाया जास्त असतात, ओझं जास्त, लाँच खाली बसते, इंजिनाला जोर लागतो. तेव्हा येत्या मंगळवारी निम्मीच माणसं घ्या.

तरीही तापलं तर मात्र माझं ऐका. तुम्ही दर वेळी इंजिन बंद करता आणि मग जाळी बघता. इथंच घोळ होतोय असं मला आता वाटतं. अवसरीला एका विहिरीवर मोटारीचा पंप मी लहानपणी बघितला होता. चालता चालता सारखं पाणी ओढायचं थांबायचा. मालक पंप बंद करून विहिरीत उतरायचा, पाइपाच्या तळाची झडप, फूटवॉल्व्ह, साफ असायची. शेवटी पंप चालू असताना एकानं बुडी मारली, तर सागाचं एक मोठं पान फूटवॉल्व्हला चिकटून बसलेलं. पंप बंद केला की ओढ संपायची आणि पान आपोआप गळून जायचं. बघायला गेलं की तिथं काहीच नाही.

तेव्हा पिचकारी मेली की इंजिन बंद करू नका. रेस पार कमी करा. गिअर काढा. लाँच ढकलणारा खालचा पंखा पूर्ण थांबलाय ना ते दोनदा बघा, आक्काच्या कपाळाचं कुंकू माझ्या पत्रामुळं जायला नको. मग पाण्यात उतरून जाळीवर हात फिरवा. मनात तीस आकडे मोजा, तेवढ्यात नाही सापडलं तर वर या आणि इंजिन बंद करा. तीसच्या वर एक आकडा नको.

आक्का कुणाची वाट म्हणाली?

सावळेराम


वरची उंबरवाडी,
३१ ऑक्टोबर २००१

सावळ्या, सापडलं! सापडलं रं बाबा!

२३ तारखेचा मंगळवार. निम्मीच माणसं घेतली. तरी उंबरवाडीवर आलो आणि पिचकारी मेली, म्हणजे तुझं वझ्याचं सोंग खोटं. पण म्होरलं खरं. मी रेस कमी केली, गिअर काढला, पंखा थांबला का त्ये दोनदा नव्हं, तीनदा बघितलं, आणि मारली उडी. मोजत व्हतो. अकरावर हात जाळीवर पोचला, तर जाळीच न्हाई! गुळगुळीत कायतरी. चाचपलं तर कापड. पाण्याच्या वढीनं जाळीला असं बसलेलं, जसं माठाच्या तोंडाला फडकं बांधावं. सोळावर वढून काढलं. वर आलो तवर मागनं पिचकारी सुरू, आणि लाँचीतल्या बाया टाळ्या वाजवत्यात. ह्या वयात माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

वटीचं कापड हाय त्ये. खणाच्या मापाचं. त्यात तांदूळ, सुपारी बांधून सोडत्यात, म्हणून त्ये तरंगत न्हाई, पाण्याखालनं सरकत सरकत बुडाखाली येतं. फुलं आणि नारळ वरनंच जात्यात, त्यांचा काय त्रास न्हाई. मी मागं इंजनापाशी असतो, बाया म्होरल्या टोकाला, नाळेवर, तवा कोण काय सोडतं त्ये मला दिसत न्हाई. तुकडा धुवून, वाळवून ह्या पाकिटात घातलाय. चोर तुझ्या म्होरं हजर करतो, तूच बघ.

पण एक कळंना. चिमा मंगळवारची लाँचीतच असती, पण म्होरल्या अंगाला, म्हणून तुकडा तिला घरी येऊन दावला. म्हणलं, कोण बाई हाय ती सापडली पायजेल, दर मंगळवारी कापड सोडती. चिमानं तुकडा हातात घेतला, बघितला आणि उठून गोठ्यात गेली. त्या दिसापासनं जेवण अर्धंच जातंय तिला. मी म्हणलं, इंजन वाचलं, माझं काम वाचलं, आणि ह्या बाईच्या डोळ्यांत पाणी का? इचारलं तर सांगत न्हाई. तू तिचा भाऊ हायेस, तुला कळलं तर मला कळव.

तुझा,
भिमाजी


आळेफाटा,
४ नोव्हेंबर २००१

ती. आक्का,

नऊ वर्षांत तुला हे पहिलं पत्र. उज्ज्वला वाचून दाखवेल. तिला सांग, सगळं वाच, काही गाळू नकोस.

दाजींनी पाकिटातून कापडाचा तुकडा पाठवला. त्यांना ते नुसतं कापड वाटलं. मी बघितल्याबरोबर ओळखलं. हिरवी साडी, काठावर लाल कोयऱ्या. तीन वर्षांमागच्या भाऊबीजेची. दुकानदाराला मी अख्खी फळी उलटायला लावली होती, तो वैतागून म्हणाला, "बायकोला एवढी घेत नाही कुणी बघून." मी म्हटलं, बायकोला नाही, आक्काला आहे.

तुला नेसायची नव्हती तर परत पाठवायची होतीस. ड्रायव्हरच्या हाती दिली असतीस तर मी गुपचूप ठेवून घेतली असती. पण फाडून, तुकडे करून पाण्यात सोडायची? एवढा राग?

असू दे. राग असणारच. ते मी आज बोलून टाकतो, आक्का, नाहीतर कधीच बोलणार नाही. घरात पाणी शिरायच्या आधी आईला इकडं मीच आणलं. गॅरेजच्या मागची खोली, वर पत्रा, समोर दिवसरात्र ट्रक. आई खाटेवर बसून विचारायची, "नदी कुठं हाय?" मी हसून म्हणायचो, आई, इथं नदी नाही, हायवे आहे. चार महिन्यांत गेली. तुला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तू आलीस, उंबऱ्यात उभी राहिलीस, खोलीभर बघितलंस आणि एक शब्द न बोलता परत गेलीस. तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास, थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं. तू बोलली नाहीस, ते अजून माझ्या छातीत आहे.

तुझ्या घरी यायचं तर आधी होडी, आता लाँच, कशातही बसलं तरी आपल्या घरावरून यावं लागतं. खाली घर, आणि घरात आई नाही ती माझ्यामुळं. मला ते पाणी ओलांडवत नाही. म्हणून साड्या पाठवत राहिलो. त्याही तुला नकोत, हे आता कळलं. यापुढं पाठवणार नाही.

दाजींच्या इंजिनाचा दोष तेवढा सापडला. त्यांची लाँच चालू राहू दे, एवढंच.

सावळेराम


वरची उंबरवाडी,
८ नोव्हेंबर २००१

सावळ्या,

उज्ज्वला लिवती, मी सांगती. मधी मधी ती मला थांबवती, म्हणून पत्र तुटकं वाटलं तर माझा दोष न्हाई.

तू शाळा शिकलास, मिस्त्री झालास, पण डोसक्यात कालवण भरलंय तुझ्या. राग? रागानं कुणी वटी भरतं का, मेल्या?

तुझ्या आठी साड्या माझ्या पेटीत हायती. एकबी नेसले न्हाई. का? तर भाऊ आला न्हाई आणि भावाची साडी आली, ती मी कुणाच्या म्होरं नेसून मिरवू? मी मनाशी धरलं व्हतं, सावळ्या दारात आला की नेसायची. नऊ वर्षं पेटीला कडुलिंबाचा पाला घालती. ह्या आखाडात उज्ज्वलाच्या सोयरिकीचं कुणीतरी बोललं. मामा न्हाई तर पोरीला मांडवात कोण आणणार? (मामा, माझं लग्नबिग्न काही ठरलेलं नाही. मला अजून शिकायचंय. आई उगीच. — उ.)

म्हणून उंबरजाईला नवस बोलले. दर मंगळवारी तिची वटी भरायची, आणि वटीला दुकानातला खण न्हाई घालायचा, भावाच्याच साडीचा. हिरवी देवीला आवडती म्हणून ती एक काढली. दर मंगळवारी एक तुकडा, त्यात तांदूळ, सुपारी. सोडताना म्हणायची, आई उंबरजाई, माझ्या भावाला पाण्यापलीकडनं आण. आणि माझ्याच नवऱ्याचं इंजन त्यात गुदमरत व्हतं, ह्ये मला कुठं ठावं! त्यांनी तुकडा दावला तवा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना अजून सांगितलं न्हाई. (बाबांना मी सांगितलं. ते गोठ्यात जाऊन हसत होते, मग रडत होते.)

आता आईचं. ऐक, आणि हे मी कुणालाबी सांगितलेलं न्हाई. आईला तुझ्याकडं मी धाडलं. ती माझ्याकडंच ऱ्हातो म्हणत व्हती. पण आमी तवा सरकारी पत्र्याच्या खोपटात, उज्ज्वला आठ वर्षांची, तापानं फणफणलेली, म्हस मेलेली. मी आईला म्हणले, तू सावळ्याकडं जा, हितं जागा न्हाई. सोताच्या आईला म्हणले. ती लुगड्यात दोन भांडी बांधून निघाली. त्या दिशी तुझ्या उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन मी बघितलं, तर खोलीत एकच खाट व्हती. ती तू आईला दिलेली आणि सोता खाली झोपलेला, तुझी सतरंजी तिथंच गुंडाळून ठिवलेली. तू तिला जागा दिलीस, मी न्हाई दिली. काय तोंडानं बोलू तुझ्याशी? म्हणून परतले. मला वाटलं, तू येत न्हाईस त्ये ह्यामुळंच, आक्कानं आईला हाकललं म्हणून.

नऊ वर्षं आपण दोघंबी एकाच गोष्टीसाठी तोंड लपवून बसलो, बघ.

भाऊबीजेला ये. पाणी ओलांडवत नसंल तर मी डिंभ्याच्या काठाला येऊन उभी ऱ्हाते. तुझा हात धरून आणीन. लहानपणी वढ्यातनं आणत व्हते तशी.

आक्का


आळेफाटा,
२१ नोव्हेंबर २००१

ती. आक्का आणि दाजींना नमस्कार. उज्ज्वलाला आशीर्वाद.

काल संध्याकाळी पोचलो. नारायणगावला गाडी तासभर थांबली. करंज्यांचा डबा तिथंच संपला, शेजारच्या बाईंनीही चार खाल्ल्या. अंगाला अजून लाँचीच्या डिझेलचा वास आहे, धुवावासा वाटत नाही.

दाजी, तुमच्यावर मी जरा रागावलोय. उंबरवाडीवर आल्यावर तुम्ही इंजिन बंद केलंत. मला वाटलं, परत तापलं, मी पाना घेऊन उठलो, तर तुम्ही म्हणालात, "बस रं. आज मीच थांबवलंय." आधी सांगायचं तरी. आणि आक्का, मी डोळे मिटून घेतले होते ते तुला कळलं, म्हणून तू माझं कोपर दाबलंस. मग मी डोळे उघडले. नुसतं पाणी होतं गं. हिरवं, गार पाणी. मला वाटलं होतं, छपराचं आढं दिसेल, उंबर दिसेल, अंगण दिसेल. काही दिसलं नाही. तू म्हणालीस, "बोल, आई ऐकती." मी काय बोललो ते आता आठवत नाही, बहुतेक "आलो" एवढंच बोललो.

पेटीतली जांभळी साडी तुला शोभली. दाजी म्हणाले, नवरी नेसून बसली काय, तर तू लाजलीस, हे मी वाडीभर सांगून आलोय.

आता कामाचं. जाळीवर मी जो लोखंडी पिंजरा बसवलाय तो ढिला होऊ देऊ नका, महिन्याला एकदा नट आवळा. पिंजरा पुढं फुगलेला आहे. कापड आलं तरी पिंजऱ्याच्या एकाच अंगाला चिकटेल, दुसऱ्या अंगानं पाणी येत राहील. तेव्हा दाजी, वाडीतल्या बायांना वटी सोडू नका म्हणून सांगू नका. सोडू देत. कुणाच्या मनात काय असतं ते आपल्याला काय ठाऊक. बैठकीत सांगा, लाँच वर ओढायची गरज नाही, सावळेराम मिस्त्रीची गॅरंटी आहे.

तुमचा,
सावळेराम


वरची उंबरवाडी,
२६ फेब्रुवारी २००२

चि. सावळ्यास आक्काचा आशीर्वाद.

उज्ज्वला परीक्षेच्या घाईत हाय, म्हणून थोडकंच लिवून घेती.

लाँच चालू हाय. पिंजऱ्याचे नट ह्यांनी आवळले, दोनदा आवळले. दिवाळीपासनं काटा एकदाबी लाल रेघेत गेला न्हाई. सगळ्या वाडीत तुझं नाव निघतं. ह्ये रोज पिचकारीकडं बघत बसत्यात आणि म्हणत्यात, मेव्हण्यानं भारी काम केलं, आता बिघडायचं नाव न्हाई.

मला मातर त्याची धास्ती वाटती. इंजन तापलं म्हणून तू पत्र लिवलंस. इंजन तापलं म्हणून तू आलास. आता त्ये कायमचं गार झालं. पेटीत अजून न नेसलेल्या सहा साड्या हायती.

म्हणून सांगती. इंजन बरं हाय, सावळ्या. कायबी बिघडलेलं न्हाई. तरीबी ये.

आक्का